तालमीवाचून आखाडा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली, तेव्हा आमच्या शिवाजी पेठेतील कितीतरी माणसे हातातले काम टाकून खासबागेकडे धावली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. तिच्या पूर्वरात्री छप्पर कोसळले, रंगमंच जळून गेला, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. उतारवयाचे नट रस्त्याच्या कडेला उभे राहून डोळे पुसताना मी पाहिले, आणि त्या अश्रूंना उणे लेखण्याची इच्छा माझ्या मनात स्वप्नातही येणार नाही. पुढे सरकारने पुनर्बांधणीसाठी कोट्यवधी रुपये देण्याचे जाहीर केले, वास्तू होती तशीच उभारावी असा साऱ्या शहराने आग्रह धरला, आणि कामास हातही घातला गेला. हे सर्व योग्यच झाले. माझे भांडण याच्याशी नाही.

माझे भांडण या समजुतीशी आहे की, भिंती सावरल्या, छप्पर घातले, पडदा टांगला, म्हणजे गेले ते परत आले. त्या रात्री जे जळाले ते घर होते. त्या घरात जिने नांदावयाचे ती विद्या नव्वद वर्षांपूर्वीच तेथून निघून गेली. तेव्हा कोणी बंब बोलाविला नाही आणि कोणी डोळेही पुसले नाहीत. घराची चिंता सर्वांना, घरधनिणीची कोणालाच नाही, असा हा प्रकार आहे; आणि तो कोल्हापूरसारख्या गावात घडावा हे विशेष लाजिरवाणे आहे. का, ते सांगतो.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले. त्या प्रवासात युरोपातील प्राचीन क्रीडांगणे आणि नाट्यगृहे त्यांच्या मनात भरली. परत आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे विशाल मैदान बांधविले, ते १९१२ साली पुरे झाले. आणि त्याच्या शेजारी, अगदी पाठीस पाठ लावून, १९१३ ते १९१५ या काळात 'पॅलेस थिएटर' उभे केले. तेच पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मल्ल आणि नट यांना एकाच आवारात शेजारी बसविणारा राजा हिंदुस्थानात दुसरा कोणता झाला असेल तर मला ठाऊक नाही. महाराजांच्या दृष्टीने दोन्ही देहाच्याच विद्या होत्या. दोहोंनाही घाम लागतो आणि दोहोंचीही परीक्षा हजारो डोळ्यांदेखत होते.

आपल्या मराठी भाषेलाही हे नाते केव्हाच उमगले आहे. पहिलवान जेथे घडतो ती तालीम, आणि नट नाटक बसविण्यापूर्वी जी मेहनत करतो तीही तालीमच. एकाच शब्दाने दोन्ही कामे भागविणारी भाषा वेडी खास नव्हे. पण त्या एका शब्दाचे कोल्हापुरात आज काय झाले आहे पाहा. कुस्तीच्या मैदानामागे तालमी आहेत. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे घेताच लाल मातीचा वास येतो. तेथे वस्ताद आहेत, पहाटेचे जोर आहेत, बैठका आहेत, खुराकाची शिस्त आहे. खेड्यातून आलेल्या पोराला तेथे पथारी टाकावयास जागा मिळते. सीमेपलीकडच्या एकसंब्याहून आलेले श्रीपती खंचनाळे याच गावच्या मातीत घडले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. कुस्तीचेही दिवस पालटले आहेत, हे मी नाकारीत नाही. पण पोराला कुस्ती शिकावयाची असेल तर त्याने कोठे जावे, हे गावातील कोणीही शेंबडे पोर सांगेल.

शेजारच्या इमारतीमागे काय आहे? तिच्यामागे तालीम नाही. ती भाड्याने मिळणारी जागा आहे. नाटक येते, भाडे भरते, खेळ करते आणि मोटारीत सामान चढवून त्याच रात्री पुढच्या गावी जाते. व्याख्याने होतात, सत्कार होतात, स्नेहसंमेलने होतात. यांपैकी काहीही वाईट नाही. पण खासबागेच्या मैदानात वर्षभर केवळ पाहुण्या मल्लांचीच कुस्ती झाली असती, आणि गावात एकही तालीम नसती, तर त्या मैदानाला कोल्हापूरचे मैदान म्हणावयास कोणी धजले असते काय? तालमीवाचून आखाडा म्हणजे नुसती बैठकव्यवस्था.

येथे कोणी विचारील की, महाराजांनीच जर नाट्यशाळा काढली नाही, तर आज तिच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. ज्या राजाने जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याला शाळेचे महत्त्व कळत नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. नाट्यशाळा त्यांनी काढली नाही, कारण त्या काळी नाटक मंडळी हीच नाट्यशाळा होती. शाळा फिरती होती. तिला उतरावयास घर नव्हते, ते महाराजांनी दिले.

ती शाळा कशी होती, हे केशवरावांच्याच चरित्रावरून पाहा. १८९० साली जन्मलेला हा कोल्हापूरचा मुलगा अगदी कोवळ्या वयात 'स्वदेश हितचिंतक' नाटक मंडळीत गेला. गाणे, बोलणे, चालणे, लुगडे नेसून वावरणे, दुसऱ्याचे भाषण चालू असता रंगभूमीवर स्वस्थ उभे राहणे, हे सारे तो तेथेच शिकला. देवलांच्या 'शारदे'तील शारदा करून त्याने नाव मिळविले. १९०८ च्या जानेवारीत हुबळीस त्याने स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली तेव्हा त्याचे वय अठराचेही नव्हते. अठराव्या वर्षाच्या आत जो मंडळीचा मालक, प्रमुख नट आणि शिक्षक होतो, तो काही आकाशातून पडलेला नसतो. त्याच्यामागे दहा-बारा वर्षांची तालीम असते.

किर्लोस्कर मंडळीत तर तालीममास्तर ही पदवीच होती, आणि ती गोविंद बल्लाळ देवलांसारख्या माणसाला शोभत होती. एका वाक्यावर ते नटाकडून किती मेहनत करून घेत, याच्या आठवणी त्या पिढीच्या नटांनी सांगितल्या आहेत. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०५ साली बालगंधर्व किर्लोस्करांत गेले, ते याच हाताखाली. आणि गाण्यासाठी त्यांना भास्करबुवा बखले लाभले. ज्यांच्या कंठाला आपण ईश्वरी देणगी म्हणतो, त्यांनाही गुरू लागला, तालीम लागली.

आणि शाळा केवळ नटांचीच नव्हती. कोल्हापूरच्या बाबूराव आणि आनंदराव पेंटर या बंधूंनी 'ललितकलादर्श'चे पडदे रंगविले. रंगभूमीच्या त्या कारखान्यात ज्याची दृष्टी तयार झाली, त्या बाबूरावांनी पुढे स्वतःचा कॅमेरा घडविला आणि १९१८ साली याच गावात 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' काढली. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम तयार झाले, आणि त्यांनी १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' स्थापन केली. शांतारामबापू तर लहानपणी गंधर्व नाटक मंडळीतही काही काळ होते. पडदा रंगविणाऱ्या एका हातापासून एवढा मोठा वंशवृक्ष वाढला! याला शाळा म्हणावयाचे नाही, तर शाळा म्हणावयाचे तरी कशाला?

ही शाळा निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. मंडळीत शिरलेल्या मुलाचे शालेय शिक्षण बहुधा तेथेच संपे. मालकाची मर्जी हाच कायदा असे. कंठ फुटला की कित्येक मुलांचे नशीबही फुटे. स्त्रियांना तर त्या शाळेचे दार बंदच होते. जुन्या मंडळ्यांच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांपैकी मी नाही. ती व्यवस्था जशीच्या तशी परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. पण एक वाईट छप्पर मोडले म्हणून उघड्यावर राहावे, हा कोठला न्याय?

छप्पर मोडले ते पाहता पाहता मोडले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. मराठी रंगभूमीने तो दिवस अद्याप विसरलेला नाही. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. पुढे सातच महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजांनीही देह ठेवला. ज्याने घर बांधले तो राजा आणि ज्याच्या नावाने ते पुढे ओळखले गेले तो नट, असे दोघेही एका वर्षाच्या आत गेले. 'ललितकलादर्श' बापूराव पेंढारकरांनी नेटाने चालविली हे खरे. पण १९३१ साली बोलपट आला आणि १९३२ साली 'प्रभात'ने याच कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. दैवाचा विनोद असा की, रंगभूमीच्या शाळेत वाढलेल्या मुलांनीच त्या शाळेची फी बंद पाडली. मंडळ्या एकामागून एक बसल्या. फिरती शाळा बंद झाली आणि तिच्यासाठी बांधलेले घर रिकामे राहिले. ते रिकामे आहे हे आपल्या ध्यानात आले नाही, कारण त्यात रोज माणसे बसत होती.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक विद्यार्थी घरी आला. पोरगा हुशार, अंगात धमक, महाविद्यालयीन एकांकिकेत त्याने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे काम असे केले होते की प्रेक्षागृह निःशब्द झाले. पण तिसऱ्या रांगेपलीकडे त्याचे शब्द पोचत नव्हते आणि दुसऱ्याच प्रयोगाला त्याचा घसा बसला. त्याने मला विचारले, "सर, आवाज कमवायचाय. कुणाकडं जाऊ?" मी इंग्रजी नाट्यवाङ्मय तीस वर्षे शिकवीत आहे, शेक्सपिअरचा नट कोठे उभा राहून काय बोले हे मी त्याला सांगू शकत होतो. पण चालत जाता येईल असा एकही पत्ता मला त्याला देता आला नाही. पुण्यास जा म्हणालो. वडील आजारी, धाकटी दोन भावंडे. तो पुण्यास कसला जातो? आज तो एका कारखान्यात हिशेब लिहितो. त्याच पोराने कुस्तीचे विचारले असते, तर मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन वस्तादाच्या पायांवर घातला असता. माझी सारी कैफियत या एका प्रसंगात आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप हौशी मंडळींचा. अभिनय शिकविता येत नाही, तो रक्तात असावा लागतो, असे ते म्हणतात. पहिलवानही रक्तातच असावा लागतो. म्हणून कोणी तालमी बंद केल्या नाहीत. रक्तात असते ते बी. त्याला माती, पाणी आणि राखण लागते. ज्यांनी आयुष्यात तालमीला उशिरा जाण्यापलीकडे काही केले नाही, तेच बहुधा प्रतिभेवर हवाला ठेवतात.

दुसरा आक्षेप स्पर्धावाल्यांचा. राज्य नाट्यस्पर्धा आहेत, एकांकिका स्पर्धा आहेत. त्यांतूनच नट तयार होतात, असे त्यांचे म्हणणे. स्पर्धांचे ऋण मी मानतो. त्यांनी गावोगावच्या रंगभूमीचा दिवा विझू दिला नाही. पण स्पर्धा म्हणजे मैदान, तालीम नव्हे. मैदानात चीतपट झालेल्याला पंच पुन्हा डाव समजावून देत बसत नाहीत. महिनाभर धावपळ करून एक नाटक उभे करावयाचे, चषक मिळाला तर मिरवणूक काढावयाची, न मिळाला तर परीक्षकांना शिव्या द्यावयाच्या, आणि पुढचे अकरा महिने काहीच करावयाचे नाही, याला कोणी विद्याभ्यास म्हणत नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, येथल्या शिवाजी विद्यापीठातही संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे; मग आणखी शाळा कशास? या संस्थांविषयी मला आदर आहे. परंतु मी स्वतः महाविद्यालयात शिकविणारा माणूस असल्याने पदवीची मर्यादा मला ठाऊक आहे. पदवीला प्रवेशपात्रता लागते, ठरावीक वय लागते, दिवसाचा मोकळा वेळ लागतो. तालमीला यांपैकी काही लागत नाही. दिवसभर दुकानात कापड मोजणारा, कारखान्यात पाळी करणारा, घरकाम आटोपून येणारी गृहिणी, यांच्यासाठी पहाटे किंवा सायंकाळी उघडे असणारे दार मला हवे आहे. विद्यापीठाचा विभाग आणि अशी तालीम परस्परांच्या वैरिणी नव्हेत. एकीने दुसरीला शिक्षक द्यावेत, दुसरीने पहिलीला विद्यार्थी द्यावेत.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो खरे म्हणजे आळसाचा आहे. मोठ्या शहरावाचून, सरकारी तिजोरीवाचून अशा गोष्टी चालत नाहीत म्हणे. त्यांना मी शेजारच्या कर्नाटकात नेतो. शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हेग्गोडु नावाचे खेडे आहे. भोवती सुपारीच्या बागा. तेथे १९४९ साली के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या सोबत्यांनी 'नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ' स्थापन केला. लोक त्याला 'नीनासम' म्हणतात. सुब्बण्णा स्वतः बागाईतदार. १९७२ साली त्यांनी खेड्यात नाट्यगृह बांधले. पण तेथेच हात झाडून बसले नाहीत. १९८० साली नाट्यशाळा काढली, आणि शिकलेल्यांना काम हवे म्हणून १९८५ साली 'तिरुगाट' हे फिरते नाट्यपथक काढले. ते वर्षानुवर्षे कर्नाटकभर हिंडत आले आहे. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. घर, शाळा आणि फिरती मंडळी या तिन्ही गोष्टी एका खेड्याने एकत्र आणल्या. कोल्हापुरास ते जमत नाही असे म्हणणे म्हणजे कोल्हापूरचा अपमान आहे.

आणि घर सुंदर असले म्हणजे विद्या आपोआप टिकते असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी दूरचे एक उदाहरण देतो. रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात काम केलेले लेनर्ड एल्महर्स्ट यांनी पत्नी डोरोथी यांच्यासह १९२५ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन हॉल ही जुनी जहागीर विकत घेतली आणि तेथे शेती, शिक्षण व कला यांचा मोठा प्रयोग मांडला. १९३६ साली मायकेल चेखॉव्ह या थोर रशियन नटाने तेथे नाट्यशाळा उघडली. युद्धाची छाया दिसू लागताच ती शाळा अमेरिकेस गेली. पुढे त्याच जहागिरीत १९६१ साली कलांचे महाविद्यालय निघाले. तेही २०१० साली फॅल्मथ येथे हलविले गेले. मध्ययुगीन दालन आजही दिमाखात उभे आहे. शाळा मात्र तेथून दोनदा उठली. उलट चेखॉव्हची अभिनयपद्धती, जिला स्वतःचे घर उरले नाही, ती शिष्यांच्या देहांतून जगभर जिवंत राहिली. दगड टिकतो तो दगड म्हणून. विद्या टिकते ती शिकविणारा आणि शिकणारा असेल तरच.

आपल्याकडचाही दाखला हेच सांगतो. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या प्रोत्साहनाने १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. १८५१ साली आश्रयदाते निवर्तले, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. मंडळी तयार होती म्हणूनच नाटक आश्रयदात्यामागे जगले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली. राज्य विलीन झाले, शाळेची परंपरा विद्यापीठात चालू राहिली. राजाश्रयाने बांधलेल्या गोष्टींपैकी जिला शिष्य होते, तीच उरली.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. या नाट्यगृहाच्या आवारात एक दालन केवळ तालमीसाठी राखून ठेवावे. ते लग्नाला, सभेला, प्रदर्शनाला कधीही भाड्याने देऊ नये. तेथे पगारी वस्ताद नेमावा. पाहुणा व्याख्याता नव्हे, रोज पहाटे दार उघडणारा वस्ताद. आवाज, देह, वाचिक, रंगभूषा, नेपथ्य आणि प्रकाश यांची बारमाही शिकवणी असावी; बाबूराव पेंटरांच्या गावात पडद्यामागच्या कलांना पडद्यापुढच्या कलांइतकाच मान मिळावा. खेळ नसेल त्या दिवशी रंगमंच विद्यार्थ्यांस खुला असावा, कारण पोहणे विहिरीवाचून येत नाही. आणि नाट्यगृहाच्या भाड्यातील ठरलेला वाटा या तालमीच्या खर्चास लावून द्यावा, म्हणजे दरवर्षी कोणाच्या दारी हात पसरावा लागणार नाही. छपरासाठी ज्यांनी कोटींचे आकडे उच्चारले, त्यांना वस्तादाच्या पगाराचा आकडा जड जाण्याचे कारण नाही.

आगीत छप्पर गेले तेव्हा आपण सारे धावलो, कारण ज्वाळा दिसत होत्या. वाया जाणाऱ्या पोरांच्या ज्वाळा दिसत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यासारखी कितीतरी मुले या पेठेत, शेजारच्या पेठांत, भोवतालच्या खेड्यांत हिशेब लिहीत बसली असतील. त्यांच्यात एखादा केशवराव नसेलच असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? जयंतीच्या दिवशी केशवरावांच्या प्रतिमेस हार घालावयास गाव जमते, तसे ते पुढेही जमेल. त्या दिवशी एखादे पोर पुढे येऊन 'कुणाकडं जाऊ?' असे विचारील, तेव्हा नव्या छपराकडे बोट दाखवून चालणार नाही. त्याला वस्तादाचे नाव सांगावे लागेल.